व्हिएतनामच्या फुटपाथवर पहिल्यांदा जेवायला बसताय? आधी हे वाचा

हनोईतल्या पहिल्या रात्री मी कुठे जेवले असेन? एसी, फोटोवालं मेन्यूकार्ड आणि कापडी नॅपकिन असलेल्या हॉटेलात, फ्राइड राइस. काचेतून समोरचा फुटपाथ दिसत होता, तिथे पन्नासेक माणसं बालवाडीत असतात तसल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि भुरके मारत मजेत जेवत होती, आणि मी आत बसून चव नसलेला भात चिवडत होते. घाबरले होते, दुसरं काही नाही. काय मागायचं, कसं मागायचं, वाडग्यात कुठल्या प्राण्याचं काय असेल, पैसे किती घेतील, पोट बिघडलं तर काय. तिसऱ्या दिवशी भूक भीतीपेक्षा मोठी झाली आणि त्या बुटक्या स्टुलावर बसले ती अजून मनाने तिथेच आहे म्हणा ना.

दुसऱ्या वेळी आईला घेऊन गेले. आई कुडाळची, सोमवार-गुरुवार पाळणारी, बाकीच्या दिवशी मासे लागतातच. तिला सोबत नेल्यामुळे शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही बाजूंचे घोळ कळले, ते सगळे खाली लिहिलेत. ही बघण्यासारख्या ठिकाणांची यादी नाही, ती कुठेही मिळेल. फुटपाथवर बसून नीट जेवता यावं, एवढ्यापुरतंच आहे हे.

१. व्हिसा, आणि त्यातला आपला मराठी घोळ

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा देतात, सिंगल एंट्रीचे २५ डॉलर आणि मल्टिपलचे ५०. फॉर्म ऑनलाइन, एम्बसीत जायची गरज नाही. कामकाजाचे तीनेक दिवस म्हणतात पण सुट्ट्या मध्ये आल्या की लांबतं, म्हणून दोन-तीन आठवडे हातात ठेवा. फी परत मिळत नाही, चूक झाली की नवा फॉर्म आणि नवे पैसे.

लागतं काय तर पासपोर्ट (किमान सहा महिने व्हॅलिड), त्याच्या फोटोवाल्या पानाचा स्वच्छ स्कॅन, चष्मा न घातलेला तुमचा फोटो, पहिल्या हॉटेलचा पत्ता, कुठल्या एअरपोर्टने आत जाणार आणि कुठून बाहेर पडणार ते, आणि इंटरनॅशनल चालणारं कार्ड.

आता सापळे. पहिला म्हणजे सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट्स. मी स्वतः पहिल्या वेळी अशाच एका साइटवर फॉर्म भरला, झेंडा-बिंडा सगळं होतं, आणि तिप्पट पैसे देऊन बसले. व्हिसा आला, पण मनाला लागलं ते लागलंच. खरी साइट सरकारी आहे, तिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन येतं, सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून दिसते ती नाही.

दुसरा सापळा खास आपला. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बऱ्याच जणांचं स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. फॉर्म भरताना लोक सवयीने नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतात आणि मग व्हिसावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. चेक-इन काउंटरवर रडू येतं अशा वेळी. पासपोर्टच्या त्या पानावर सगळ्यात खाली बाणांच्या खुणांची दोन ओळींची पट्टी असते, त्यात जसं नाव आहे तसंच, पूर्ण, भरा. व्हिसा आल्यावर नाव, नंबर, जन्मतारीख अक्षर-अक्षर तपासा आणि दोन प्रिंट काढा. आणि व्हिसावर जी सुरुवातीची तारीख आहे तिच्या आदल्या रात्री पोचणारं विमान घेऊ नका, रात्री साडेअकराला उतरलात तरी तो आदलाच दिवस.

२. कधी जायचं

देश उभा लांब आहे त्यामुळे एकच उत्तर नाही. उत्तरेला हनोईत डिसेंबर ते फेब्रुवारी चक्क थंडी असते, स्वेटर लागतो. मधल्या पट्ट्यात ह्वे आणि होई आन या शहरांकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात धो धो पाऊस, पूर येतात. दक्षिणेला सायगावकडे (नकाशावर हो ची मिन्ह सिटी) मे ते नोव्हेंबर पावसाळा, पण तो आपल्यासारखाच, कोसळतो आणि थांबतो. मला मार्च-एप्रिल बरा वाटला.

एकच गोष्ट कटाक्षाने टाळा, तेत. त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारी शेवट ते फेब्रुवारी मध्य यात कधीतरी येतं. आपली दिवाळीच समजा, सगळे गावी जातात, आणि तुम्ही ज्या ठेल्यांसाठी गेलात तेच नेमके बंद.

३. शून्यांचा घोळ

डोंग हे चलन. एका रुपयाला साधारण ३०० डोंग, भाव थोडा खालीवर होतो. पहिल्या दिवशी दोनशे रुपयांचं जेवण ६०,००० ला मिळतं आणि डोकं फिरतं. माझी युक्ती अशी की शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्या आकड्याला तीनने भागायचं आणि दहाने गुणायचं. ३०,००० म्हणजे शंभर रुपये, बस्स, हा एकच आकडा पाठ करा. पाट्यांवर तर ती तीन शून्यं लिहीतच नाहीत, नुसतं ३० किंवा ‘३० के’ असतं.

आता नीट ऐका. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. दोन्हीवर त्यांचे राष्ट्रपिता हो ची मिन्ह, दोन्ही प्लास्टिकच्या. रात्री, अंधुक दिव्यात, घाईत, मी एका टॅक्सीवाल्याला वीसच्या जागी पाचशेवाली दिली आणि तो खाली मान घालून निघून गेला. म्हणजे ६५ च्या जागी सोळाशे रुपये. तेव्हापासून पाचशेवाल्या नोटा मी पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते, आणि ठेल्यावर जाताना खिशात फक्त १००,००० पर्यंतच्या.

क्यूआर कोड तुम्हाला अगदी चहावालीकडेही दिसेल पण तो त्यांच्या बँक खात्यांसाठी, आपल्याला कॅशच लागते. डॉलर न्यायचे असतील तर शंभरच्या कोऱ्या नोटा न्या, दुमडलेल्या-खरडलेल्या नोटांना तोंड वाकडं करतात. एअरपोर्टवर थोडेच बदला, बाकीचे शहरात बँकेत.

४. हाक कशी मारायची

खरं तर हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि मराठी माणसाला सगळ्यात सोपी. त्यांच्या भाषेत ‘तू-तुम्ही’च्या जागी नाती वापरतात. समोरचा तुमच्यापेक्षा थोडा मोठा पुरुष असेल तर ‘आन’ म्हणजे दादा, बाई असेल तर ‘ची’ म्हणजे ताई, आईच्या वयाची असेल तर ‘को’, लहान असेल तर ‘एम’. आणि हाक मारायची ती मागे ‘ओय’ लावून. ची ओय, को ओय. आपल्याकडे ओय म्हणजे उद्धटपणा, तिथे मात्र तीच रीत. आपण ‘ओ मावशी’ म्हणतो ना, अगदी तसं.

यामुळेच तिथे ओळख होते ना होते तोच वय विचारतात. राग मानू नका, तुम्हाला काय म्हणायचं ते ठरवायला विचारतात. आईला एका ठेल्यावर वय विचारलं तर ती आधी बिचकली, मग कारण कळल्यावर म्हणाली, बरोबर आहे की, आपण पण अंदाज घेऊनच ताई का काकू ते ठरवतो.

याशिवाय एवढं पुरतं: सिन चाव म्हणजे नमस्कार, काम अन म्हणजे थँक्यू, बाव न्यिउ म्हणजे केवढ्याला, खोंग म्हणजे नको किंवा नाही, आणि न्गॉन म्हणजे चविष्ट. भाषा सुरांवर चालते, एकच शब्द वेगळ्या सुरात म्हटला की अर्थ बदलतो, त्यामुळे तुमचं निम्मं कळणार नाहीच. बोटांनी आकडा दाखवा आणि शेजारच्याच्या वाडग्याकडे बोट करा, कोणी वाईट मानत नाही. न्गॉन मात्र नक्की म्हणा. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ठेलेवालीने न विचारता जेवणाबरोबर खायचा कच्चा पाला अजून आणून ठेवला.

५. वाडग्यात कोण आहे?

पाट्या रोमन लिपीत असतात, वर टिकल्या-टोप्या असल्या तरी वाचता येतात. तेव्हा एवढे उच्चार ओळखायला शिका: बो म्हणजे बीफ, गा म्हणजे चिकन, का म्हणजे मासा, तोम म्हणजे कोळंबी, चुंग म्हणजे अंडं. पोर्कला उत्तरेत लन म्हणतात, दक्षिणेत हेओ. हनोईकडे ‘थित चो’ अशी पाटी दिसली तर ते कुत्र्याचं मटण, फार ठिकाणी दिसत नाही पण माहीत असलेलं बरं.

बीफ न खाणाऱ्यांसाठी टीप: फऽ या नूडल सूपच्या ज्या ठेल्यावर दोन्ही मिळतं तिथे नुसतं ‘चिकन द्या’ म्हणून भागत नाही, सूपचं पाणी बहुतेक हाडांचंच असतं आणि ती हाडं कुणाची ते विचारायला तुमचं व्हिएतनामी पुरणार नाही. फक्त फऽ गा विकणारे वेगळे ठेले असतात, काचेत उकडलेल्या कोंबड्या टांगलेल्या दिसतात. तिथे जा. पोर्क टाळणं मात्र जास्त अवघड आहे, ते सगळीकडे आहे, अगदी भाजीवर घातलेल्या कांदापातीच्या तेलातही चरबी असू शकते.

६. शाकाहारी असाल तर

‘तोय आन चाय.’ म्हणजे मी शाकाहारी आहे. हो, चाय म्हणजे शाकाहारी! आई पहिल्या सकाळी काउंटरवर जाऊन ‘चाय, चाय’ म्हणाली आणि समोर टोफूची भाजी आली. चहा हवा असेल तर चा म्हणा, आणि तोही दूध-साखरेचा नाही हं. फुटपाथवर मिळतो तो चा दा, बर्फ घातलेला कोरा चहा, पाचेक हजार डोंगला ग्लासभर.

चाय ही तिथली बौद्ध परंपरा आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, एरवी सगळं खाणारी माणसंही चाय खातात, देवाला फळं-फुलं ठेवतात. आपली एकादशी-चतुर्थीच. त्या दिवशी चाय विकणाऱ्या ठेल्यांवर गर्दी असते. आईने हे कळल्यावर फोनवर कालनिर्णय काढून पुढची पौर्णिमा बघितली, आणि नशिबाने ती आमच्या ह्वेच्या मुक्कामात येत होती. ह्वे हे जुनं राजधानीचं आणि देवळांचं शहर, तिथे त्या दिवशी जे जेवलो त्यात फणसाची कोवळी भाजी होती, आईचा विश्वासच बसेना.

‘कम चाय’ अशी पाटी असलेली खानावळ शोधा, कम म्हणजे भात. ताटात भात आणि समोरच्या वीस भाज्यांपैकी हव्या त्या चार, ३०-४० हजारात पोटभर. एरवीच्या ठेल्यावर मात्र ‘मटण नको’ म्हणून शाकाहारी मिळत नाही, कारण न्युअक माम. मासे आणि मीठ महिनोन् महिने मुरवून काढलेलं ते पाणी, आपल्या मिठासारखं सगळ्यात पडतं. चाय हा शब्द उच्चारला की त्यात ते सगळंच वगळलं जातं, म्हणून तोच वापरा. जैन मंडळींसाठी, मठांच्या परंपरेतल्या चाय जेवणात कांदा-लसूणही नसतो, पण प्रत्येक खानावळ ते पाळते असं नाही, विचारावं लागेल.

आणि नाळीची भाजी! तिथे राव मुअंग म्हणतात, लसणावर परतून देतात. आपल्याकडे नवीन पिढीने जवळजवळ सोडलीये आणि तिथे प्रत्येक टेबलावर. चायशिवायच्या हॉटेलात त्यातही न्युअक माम पडू शकतं एवढं लक्षात ठेवा.

७. घड्याळ पाळा

आपली सगळ्यात मोठी चूक ही की आपण पदार्थांची यादी घेऊन फिरतो आणि दुपारी चारला फऽ शोधतो. त्यांच्याकडे पदार्थाला वेळ असते आणि एक ठेला एकच पदार्थ विकतो, तो संपला की टोपलं उपडं. पोह्यांची गाडी सकाळी अकरानंतर दिसत नाही, तसंच.

सकाळी सहा-सात ते नऊ: फऽ, सोय म्हणजे चिकट भात वर मुगाची डाळ-तळलेला कांदा घालून, आणि बान कुअन म्हणजे वाफेवरच्या पातळ तांदळाच्या चादरी, कापड बांधलेल्या भांड्यावर पीठ पसरून काठीने उचलतात, ते बघतच राहावं. दुपारी अकरा ते दीड: हनोईत बुन चा, म्हणजे भाजलेलं पोर्क आणि तांदळाच्या नूडल्स. त्यानंतर सामसूम. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको, दुकानातच आडवं होऊन झोपलेली माणसं दिसतात, उठवू नका. संध्याकाळी पुन्हा सगळं उघडतं, बिया हय म्हणजे रोजच्या रोज येणारी ताजी हलकी बिअर, भाजलेलं-तळलेलं काहीबाही, आणि चे, म्हणजे नारळाचं दूध, मूग, साबुदाणा, फळं, बर्फ असं गोड.

फऽबद्दल थोडं. फ आणि फु यांच्या मधला काहीतरी उच्चार, प्रश्न विचारल्यासारखा सूर. १९८६ ला अर्थव्यवस्था खुली करायच्या आधीची काही वर्षं इतकी टंचाईची होती की सरकारी दुकानात फऽमध्ये मांसच नसायचं, त्याला लोक ‘बिनपायलटचा फऽ’ म्हणायचे, अमेरिकेच्या बिनचालकाच्या विमानांवरून. उपासमारीतही विनोद सुचणारी माणसं आहेत ही. आता ४० ते ७० हजारात भरपूर मांसाचा वाडगा येतो. आधी नुसतं सूप प्या, मग लिंबू-मिरची. आल्या आल्या सॉस ओतलात तर बनवणारी काही बोलणार नाही, पण बघेल.

८. ठेला निवडणं आणि बसणं

गर्दी बघा, पण कुणाची ते बघा. ऑफिसचे लोक, शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलं, आजीआजोबा असतील तर बसा. पाच भाषांतला फोटोवाला मेन्यू आणि बाहेर उभा राहून बोलावणारा माणूस असेल तर पुढे चला. डोळ्यांसमोर उकळतंय, भाजलं जातंय, ते खा. आधीच करून उघड्यावर ठेवलेलं पहिले दोन दिवस टाळा.

बर्फाची भीती आपल्याला घरूनच शिकवलेली असते. मध्ये भोक असलेले नळीसारखे तुकडे फॅक्टरीतले असतात, ते मी बिनधास्त घेते. फोडलेल्या लादीचा असेल तर सोडते. कच्च्या पाल्याचं ताट समोर येईल, पहिल्या दिवशी गरम सूपमध्ये बुडवून खा, मग पोट सरावलं की तसाच. नळाचं पाणी मात्र कुणीच पीत नाही.

बसल्यावर टेबलावर जे असेल ते फुकट आहे असं धरू नका. पाकिटातला ओला रुमाल फोडला की त्याचे दोन-तीन हजार लागतात, फऽबरोबरच्या तळलेल्या पिठाच्या काड्या नगावर मोजतात. फसवणूक नाही ही, पद्धत आहे. किंमत लिहिलेली नसेल तर बसायच्या आधी बाव न्यिउ विचारा, नंतर विचारून वाद घालण्यात मजा नाही.

आणि माझा सगळ्यात मोठा सल्ला: एकाच ठेल्यावर दोनदा जा. लोक चार दिवसांत तीस जागा करतात आणि कुठेच कुणाला आठवत नाहीत. मी ज्या गल्लीत राहत होते तिथल्या फऽवालीकडे सलग तीन सकाळी गेले, पहिल्या दिवशी तिने बघितलं पण नाही, दुसऱ्या दिवशी हसली, तिसऱ्या दिवशी मी बसायच्या आत मिरचीची वाटी आली. वर्षाने आईला घेऊन गेले तर ती ओळखून उठली, आईला स्टुलावर बसता येईना तर स्वतःची खुर्ची दिली. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत होत्या, मला दोघींचंही अर्धंच कळलं.

गुडघ्यांचं दुखणं असेल तर खरंच विचार करा हं, स्टुलं फार बुटकी. थोडं उंच स्टूल बहुतेकांकडे असतं, खुणेने मागा.

९. कुठे काय

हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांची नावं ‘हांग’ अमुक अशी, म्हणजे अमुक मालाची गल्ली. हांग बाक चांदीची. आपली तांबट आळी, बोहरी आळी तशी. इथे बुन चा खा: कोळशावर भाजलेलं पोर्क, गोड-आंबट पाण्यात, सोबत तांदळाच्या नूडल्स आणि पाला. २०१६ च्या मे महिन्यात ओबामा एका साध्या खानावळीत हे खाऊन गेले, त्यांचं टेबल तिथे काचेत बंद करून ठेवलंय. मी काही तिथे रांग लावली नाही, तेच जेवण दोन गल्ल्या सोडून मिळतं.

बुन म्हणजे त्या नूडल्स बघून आई म्हणाली, अगो हे तर शिरवाळे. अगदी तेच, तांदळाचं पीठ शिजवून साच्यातून पाडलेले. आपण नारळाच्या गोड रसात खातो, ते सूपमध्ये. बुन रिएउ तर खास कोकणवाल्यांसाठी: शेतातले छोटे खेकडे कवचासकट कुटून, गाळून, त्या पाण्याचं टोमॅटो घालून सार. आपण कुर्ल्यांचे पाय वाटून रस काढतो तीच युक्ती. वर कधी कधी बीफ किंवा रक्ताचे चौकोन टाकतात, नको असतील तर आधीच खोंग म्हणा.

ह्वेला बुन बो ह्वे, हे बीफचं आणि तिखट नूडल सूप. मसालेदार खाणाऱ्यांना हे शहर आवडतंच. छोट्या तिसऱ्यांचा कम हेन इथलाच, भात थंड आणि रस्सा गरम, स्वस्त आणि भन्नाट. दा नांगच्या बाजूला मी क्वांग, हळदीच्या पिवळ्या नूडल्स, रस्सा जेमतेम, वर शेंगदाणे आणि भाजलेला पापड चुरून. होई आनमध्ये काव लाव, त्याच्या नूडल्सना गावातल्या बा ले विहिरीचंच पाणी लागतं असं तिथले लोक सांगतात. प्रत्येक गावाला आपल्या विहिरीचा अभिमान असतो, सोडून द्या, पण चव वेगळी आहे खरी.

सायगावला कम ताम, म्हणजे तुटक्या तांदळाचा भात, आपली कणी. गिरणीत उरलेली कणी गरिबांचं खाणं होती, आता शहराची ओळख झालीये. वर भाजलेलं पोर्क येतं, चिकन हवं तर गा म्हणा. आणि बान सेओ! तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, गरम तव्यावर ओतलं की चर्र आवाज, सेओ हा त्या आवाजाचाच शब्द. घावणंच ते, आत कोळंबी आणि मोड आलेले मूग. तुकडा तोडायचा, पाल्यात गुंडाळायचा, बुडवायचा. काट्याचमच्याने खाऊ नका, हाताने खायचा पदार्थ आहे, आपल्याला काय शिकवायचं. वुंग ताऊकडे गेलात तर बान खोत मिळेल, सरळ सरळ आप्पे, वर एकेक कोळंबी.

बान मी, म्हणजे भरलेला पाव, सगळीकडे. पाव फ्रेंचांनी आणला, आत भरलं ते यांनी आपल्या जिभेचं. आपल्याकडे पोर्तुगीजांचा पाव आणि वडा जे झालं तेच. आत बहुधा लिव्हरची पेस्ट असते, नको असेल तर ‘खोंग पाते’, अंड्याचा हवा तर ‘बान मी चुंग’. २० ते ३५ हजार.

१०. कॉफी, यासाठी वेगळा वेळ काढा

रोबस्टा जातीची कॉफी पिकवण्यात व्हिएतनाम जगात पहिला. त्यामुळे कॉफी कडू, जाड, आणि कपावर ठेवलेल्या फिन नावाच्या छोट्या पत्र्याच्या गाळणीतून थेंब थेंब पडणारी. खाली कंडेन्स्ड मिल्क, वर बर्फ: का फे सुआ दा. घाई करू नका, थेंब संपेपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचं असतं, स्टुलांची तोंडंही रस्त्याकडेच असतात. रिकाम्या पोटी दोन प्यायलात तर दुपारपर्यंत हात थरथरतील, अनुभव.

हनोईत अंड्याची कॉफी, का फे चुंग. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान जांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून दुधाच्या जागी घातला. त्यांच्या घरच्यांचं कॅफे जांग अजून जुन्या भागात आहे. अंड्याचा वास येईल असं मलाही वाटलेलं. नाही येत, गरम गोड साय खाल्ल्यासारखं लागतं. गरमच घ्या.

११. रस्ता आणि बाइक

रस्ता ओलांडायचा असा: मोठ्या गाड्या जाऊ द्या, मग बाइकच्या लोंढ्यात सावकाश, एकाच वेगाने चालत राहा. पळायचं नाही, मध्येच थांबायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही. ते तुम्हाला चुकवून जातात, तुम्ही चुकवायला गेलात की घोळ.

फिरायला ग्रॅब अ‍ॅप टाका, कॅशनेही पैसे देता येतात आणि भाडं आधी दिसतं. बाइक टॅक्सीला तिथे से ओम म्हणतात, शब्दशः मिठीची गाडी. मिठी मारायची नसते, मागची दांडी धरा.

स्वतः भाड्याने बाइक घ्यायचा मोह होईल, दुकानदार लायसन्स न बघता देतोही. पण आपल्याकडे आरटीओतून मिळतं ते इंटरनॅशनल परमिट रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं आणि व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या कराराचं. म्हणजे कागद हातात असून नसल्यासारखा, आणि अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. बिअर पिऊन तर चालवूच नका, २०२० पासून एक घोटही चालत नाही.

१२. वागायचं कसं

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, मेलेल्या माणसासाठी उदबत्त्या लावलेल्या भातासारखं दिसतं ते. ताटात आपण पिंड मांडला तर कसं वाटेल, तसं. पैसे किंवा काहीही मोठ्यांना देताना दोन्ही हातांनी द्या. घरात आणि देवळात चपला बाहेर. युद्धाबद्दल आपणहून उकरून काढू नका, कुणी सांगायला लागलं तर ऐका. टिपची सक्ती नाही. आणि फोटो काढण्याआधी विचारा, त्या बाईच्या हातात उकळतं पातेलं असतं आणि तुम्ही वाटेत उभे असता.

बॅगेत एवढं टाका: ओआरएसची पाकिटं, पोटाच्या गोळ्या डॉक्टरना विचारून, टिश्यू पेपर, पातळ रेनकोट, पायातून पटकन निघणारी चप्पल, पासपोर्टच्या दोन झेरॉक्स, आणि चाय, खोंग, न्गॉन लिहिलेला एक कागद. सिम एअरपोर्टवर पासपोर्ट दाखवून मिळतं. घड्याळ दीड तास पुढे करा.

परत येताना न्युअक मामची बाटली आणायची असेल तर आधी विमान कंपनीला विचारा, केबिनमध्ये जाणार नाहीच पण फुटली तर वास जात नाही म्हणून चेक-इनलाही काही जण नाही म्हणतात. फिन मात्र नक्की आणा, वजनाला काही नाही आणि शंभर-दीडशे रुपयांत मिळतं. आई आता रोज दुपारी त्यात कॉफी पाडत बसते. आणि कंडेन्स्ड मिल्कचे डबे तिथून वाहून आणू नका, आपल्या वाण्याकडे मिळतात. मी चार आणले होते.